तात्यांचा दुसरा गाल

थांबा, दुसरं काही करायच्या आधी हे सांगून टाकते, नाहीतर माझं पोट दुखायला लागेल. आत्ता मी बारामतीत टायपिंगच्या क्लासला बसलेय, समोर सरांनी दिलेलं सरकारी पत्र आहे, ते सोडून हे टाईप करतेय, आणि बोटं इतकी पळतायत की शेजारची मुलगी सारखी वळून बघतेय. चुका झाल्या तर समजून घ्या. गोष्ट अशी की माझ्या ताईचं लग्न यंदाच्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या माणसाच्या उजव्या गालावर अडकलं होतं. बोलायची पद्धत म्हणून म्हणत नाहीये, खरंच गालावर. त्या गालावर चापट बसल्याशिवाय लग्नाची तारीख धरायची नाही असं ठरलेलं. ती मारायची कुणी, तर माझ्या आजोबांनी. आणि आजोबा मारायला तयार नाहीत, कारण आम्ही बौद्ध. गाल ज्यांचा ते ख्रिस्ती. दोघंही शांततावाले, म्हणून तर मिटेना. दोघांतला एक जरी भांडखोर असता तर त्याच दिवशी मिटलं असतं.

पहिल्यापासून सांगते.

आम्ही इंदापूर तालुक्यातले, शेळगावचे. आजोबांना मी आबा म्हणते, गाव पण आबाच म्हणतं. आबांच्या तरुणपणी घरानं धम्म घेतला आणि तेव्हापासून सगळ्या वस्तीची शिस्त आबांनी आपल्या अंगावर घेतली. रविवारी विहारात वंदना घेणार आबा. लग्नात बोकड पाडायचं नाही असा नियम करणार आबा. घरात उंदीर पिंजऱ्यात सापडला की आबा तो पिंजरा उचलून कॅनॉलच्या पलीकडं नेऊन सोडतात, आणि आई म्हणते की उंदीर आबांच्या आधी घरी येऊन बसतो. मटण मात्र आबा खातात. बाजारातनं आणलेलं. त्यावर कुणी बोललं तर म्हणतात, "ते आपन मारल्यालं न्हाय."

माझी ताई बारामतीत नर्स आहे. त्याच दवाखान्यात एक मुलगा एक्स-रे काढतो. ताईच्या मैत्रिणी म्हणायच्या की हिचा एक्स-रे न काढताच त्याला हिच्या मनातलं दिसलं. मुलगा सांगवीचा, घर ख्रिस्ती. ताईनं घरी सांगितलं तेव्हा आमचे अण्णा, म्हणजे वडील, एस.टी.त कंडक्टर आहेत, ते म्हणाले, "पोरगं निर्व्यसनी हाय, पगार हाय, देव कुठला का असंना."

आबा म्हणाले, "आपल्यात देवच न्हाय."

"मग तर प्रश्नच मिटला," अण्णा म्हणाले, आणि बैठक ठरली.

आता बैठकीची वेळ चुकली. मे महिना होता, आणि त्याच आठवड्यात सरकारनं राजस्थानात अणुबाँब फोडून बघितला. तोही नेमका बुद्धपौर्णिमेला. गावातल्या पोरांनी चौकात फटाक्यांच्या माळा लावल्या, पेढे वाटले. आबा खीर वाटायला विहारात गेले होते, ते तसेच पातेलं घेऊन चौकात गेले आणि पोरांवर असे ओरडले, असे ओरडले, की त्यांचा आवाज दोन दिवस बसला. शांततेचा विषय निघाला की आबांचं डोकं फार गरम होतं. हे आम्हाला माहीत होतं. पाहुण्यांना माहीत नव्हतं.

पाहुणे तिघं आले. मुलगा, त्याचे वडील आणि आजोबा. त्या आजोबांना सगळे तात्या म्हणत होते. उंच, पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीची पँट. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात लढून आलेले. तिकडं तोफेचा गोळा जवळ फुटला होता, त्यामुळं डाव्या कानाला काही ऐकू येत नव्हतं. हा डावा कान जरा लक्षात ठेवा, लगेच लागणार आहे.

सुरुवात चांगली झाली. आमच्यात रीत आहे की कार्याच्या आधी सगळ्यांनी उभं राहून त्रिसरण-पंचशील म्हणायचं. आम्ही म्हटलं, पाहुणे हात जोडून उभे राहिले. मग तात्या म्हणाले, आता आमची बी बारकी प्रार्थना करू. त्या बारक्या प्रार्थनेत सांगवीतली आजारी माणसं, शेळगावातली आजारी माणसं, देशाचे पंतप्रधान आणि आमची म्हैस सुद्धा आली. चहावर साय धरली. पण सगळे खूश होते. लग्न विहारात पण लावायचं आणि चर्चच्या पाळकांचा आशीर्वाद पण घ्यायचा, इथपर्यंत गाडी आली सुद्धा.

मग आबा सहज म्हणाले, "तात्या, आमच्यात पयलंच शील हाय बगा. कुठल्याच जीवाला मारायचं न्हाय. मानूस तर लांबच, मी डास सुदीक मारत न्हाय."

"चांगलं हाय की," तात्या म्हणाले. "पर आमची पायरी त्याच्या म्होरची हाय. जो मारतोय त्याच्यावर बी माया करायची. एका गालावर मारली तर दुसरा म्होरं करायचा."

"म्हंजे तुमच्यात आधी कुनीतरी मारावं लागतंय. आमच्यात मारामारीच व्हत न्हाय."

"व्हत न्हाय? ब्रह्मदेशात माझ्यावर गोळ्या झाडत व्हते ते जपानी बौद्धच व्हते, आबा."

"आन तुमाला तितं धाडलं कुनी? ख्रिस्ती लोकांनीच ना?"

"तवा मी ख्रिस्ती न्हवतो."

"तवा मी बी बौद्ध न्हवतो."

इथं थांबायला पाहिजे होतं. दोन्ही धर्म निर्दोष सुटले होते. मी पोह्यांच्या बशा घ्यायला आत गेले तर ताई दाराआड उभी, तोंड पांढरं. म्हणाली, "काय चाललंय गं? देण्याघेण्याचं?"

"नाही," मी म्हटलं, "जपानचं."

बाहेर आले तर बाँबवर आले होते. आबा म्हणत होते जपानवर बाँब कुणी टाकला, आणि तात्या म्हणत होते परवा कुणाच्या जयंतीला फोडला.

"आमाला इचारून फोडला व्हय?" आबा.

"मग आमाला तरी कुठं इचारलं व्हतं?" तात्या.

अण्णा म्हणाले, "पोहे घ्या की पाहुणं." कुणी घेईना.

"आबा, तुमाला राग यायला लागलाय," तात्या शांतपणे म्हणाले.

"मला राग येत न्हाय," आबा एवढ्या मोठ्यानं म्हणाले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

तात्या हसले. खाटेवर जरा पुढं सरकले, आबांच्या समोर तोंड आणलं आणि म्हणाले, "माझ्याकडं बगा. तुमी काय बी बोला. हितं राग दिसतोय का कुठं?"

आणि आबांनी त्यांच्या डाव्या गालावर एक लगावली.

असा आवाज आला. तात्यांची कवळी हलली. मी बशा घेऊन आबांच्या अगदी शेजारी उभी होते, म्हणून मला तेवढं दिसलं जे दुसऱ्या कुणाला दिसलं नाही. तात्यांच्या गालावर गांधीलमाशी बसली होती. चांगली बोटाच्या पेराएवढी. डाव्या बाजूला होती, त्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून तात्यांना गुणगुण कळलीच नव्हती. माशी खाटेच्या पायाशी पडली, आणि आबांनी खांद्यावरचा टॉवेल हळूच तिच्यावर सोडला.

मुलाचे वडील ताडकन उठले. "चला," म्हणाले. "झाली सोयरीक."

तात्यांनी हात वर केला. "बस खाली." त्यांचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. दहावीचा निकाल लागल्यावर पहिल्या आलेल्या पोराचा असतो ना, तसा. डोळे चमकत होते. म्हणाले, "आबा, मी तुमाला माफ केलं."

"तसं न्हाय तात्या, त्यो हात..."

"हाताचं काय?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी टॉवेलकडं बघितलं. आता विचार करा. आबांनी माशी सांगितली असती तर काय झालं असतं? डास सुद्धा मारत नाही असं आत्ताच म्हणालेले. पंचशील म्हणून तोंडातला शब्द वाळला नव्हता. चौकात पोरांना झापून आठवडा झाला नव्हता. आणि नवीन सोयऱ्यांच्या देखत, स्वतःच्या घरात, टॉवेलखाली मेलेला जीव.

"हात उठला," आबा म्हणाले.

"मी माफ केलं," तात्या म्हणाले, आणि मान वळवून उजवा गाल पुढं केला. "घ्या."

"काय घ्या?"

"दुसरा."

"मी न्हाय मारनार."

"लाजू नका, आबा. घ्या." पंगतीत आग्रह करतात ना, अजून एक लाडू घ्या, तसं. आबा हात जोडून बसले. तात्या गाल काढून बसले. अण्णा मधेच परत म्हणाले, "पोहे घ्या." असा बराच वेळ गेला. शेवटी तात्यांची मान भरून आली, तेव्हा ते सरळ झाले.

"बरं. आज न्हाय तर न्हाय. पर हे पुरं झाल्याबिगर तारीख धरायची न्हाय. अर्धं काम घिऊन मी देवाम्होरं जात न्हाय."

आणि गेले.

मी आत जाऊन ताईला सगळं सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही. ताई म्हणाली, मग जाऊन सांग की त्यांना, मी पळतच निघाले, तर दारात आबा.

"काय बघितलंस तू?"

"गांधीलमाशी."

"न्हाय बघितलीस."

"आबा, चौथं शील. खोटं बोलायचं नाही."

"खोटं बोल म्हनालो का मी? गप बस म्हनालो. तुझ्या ताईला बी सांग, न्हायतर वस्तीत तोंड दावायला जागा ऱ्हायची न्हाय." मग टॉवेलात गुंडाळलेली ती माशी त्यांनी शेवग्याच्या झाडाखाली पुरली. वर माती लोटली आणि थोडा वेळ तिथंच उभे राहिले. त्यानंतर रविवारच्या वंदनेत पहिलं आणि चौथं शील म्हणताना आबांना ठसका लागायला लागला. लोकांना वाटलं ओरडून घसा गेलाय.

मुलाच्या वडिलांनी निरोप धाडला की दौंडकडचं एक स्थळ आलंय, आमच्यातलंच. शाळा उघडेपर्यंत म्हाताऱ्यांनी काय ते मिटवावं, नाहीतर आम्ही तिकडं हो म्हणणार. ताईनं निरोप ऐकला. ड्यूटीवर गेली. त्या रात्री तिनं एका पेशंटला सलाईन लावताना म्हणे स्वतःच रडायला सुरुवात केली, आणि पेशंट घाबरला की आपलं काही खरं नाही.

आणि तात्या यायला लागले. सांगवीहून बारामती, बारामतीहून इंदापूरची गाडी, फाट्यावर उतरून उन्हात चालत आमच्या घरी. बाजाराच्या दिवशी तर हमखास. हातात छत्री, उजवा गाल गुळगुळीत दाढी केलेला. ओट्यावर बसायचे.

"जयभीम, आबा."

"जय ख्रिस्त, तात्या."

"आज मारताय का?"

"न्हाय."

"बसतो मग."

आता दारात माणूस बसलाय म्हटल्यावर आबा त्याला उपाशी कसं ठेवणार. पाणी द्यायचे, ताक द्यायचे, जेवायला घालायचे. आईनं एकदा हुलग्याचं शेंगुळं केलं तर तात्या दोन ताटल्या जेवले आणि म्हणाले, एवढी सेवा करताय, एक चापट मारायला काय जातंय. आबा स्वतःच्या हातानं त्यांच्या पाठीला उशी लावायचे. तात्या म्हणायचे, मी तुमच्यावर रागावलो न्हाय. आबा म्हणायचे, मी बी न्हाय. कोण जास्त रागावलेला नाही यावर दोघंही इतके रागावायचे की आई घरातनं भांडी आपटायची.

गावाला तर मजाच. पोरं ओट्यासमोर गर्दी करायची. एक जण म्हणाला, "तात्या, आबा न्हाय तर मी मारतो की. कशाला बसचं तिकीट घालवताय."

तात्या म्हणाले, "तू कोन? तुझं माझं वैर हाय का? ज्यानं पयली मारली त्यानंच."

"मग आधी वैर करू की," पोरगं म्हणालं. तात्यांनी त्याचा विचार केला, खोटं सांगत नाही, थोडा वेळ खरंच केला, मग नको म्हणाले.

शेवटी कुणीतरी पोलीस पाटलांना बोलावलं. पाटील आले, खाटेवर बसले, तात्यांना विचारलं, "तुमची तक्रार काय हाय?"

"हे मला मारत न्हाईत."

पाटलांनी आबांकडं बघितलं. "तुमी मारलं न्हाय?"

"एकदा मारलं."

"मग त्याची तक्रार?"

"त्याची न्हाय," तात्या म्हणाले. "ते मी माफ केलं. पुढची मारत न्हाईत त्याची."

पाटलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "ह्ये कायद्यात बसत न्हाय," म्हणाले. "एकतर मारामारी करा, न्हायतर करू नका. अशी न करता मारामारी म्या बघितली न्हाय." आणि शेंगुळं खाऊन गेले.

ताई आणि तो मुलगा बारामतीत पाळकांना भेटायला गेले. पाळक म्हणाले, गाल पुढं करायचा एवढंच सांगितलंय, समोरच्याला मारायला लावायचं असं कुठं सांगितलेलं नाही. ताई इतकी खूश झाली की तिनं एस.टी.डी. बूथवरून आमच्या शेजारच्या दुकानात फोन केला. मी पळत जाऊन तात्यांना सांगितलं.

"पाळक कधी लढाईवर गेले न्हाईत," तात्या म्हणाले, आणि बसून राहिले.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता. ताईची सुट्टी होती, ती घरी आली होती. दुपारची वेळ, बाहेर ऊन असं की कुत्री ओट्याखाली. तात्या आले, बसले. "आज मारताय का" असं त्यांनी विचारलंच नाही. ताई बाहेर गेली आणि त्यांच्या समोर खालीच बसली.

"तात्या," ती म्हणाली, "मला एकदा नीट सांगा. तुम्हाला ती दुसरी कशाला पाहिजे? माझं लग्न मोडायचं असलं तर सरळ मोडा."

तात्या कितीतरी वेळ छत्रीच्या मुठीशी खेळत बसले. मग सांगायला लागले, आबांकडं न बघता, ताईकडं बघून.

ब्रह्मदेशात एका ओढ्याकाठी त्यांना शत्रूचा एक शिपाई दिसला. एकटा होता. बंदूक लांब झाडाला टेकवलेली. आरशाचा तुकडा फांदीत खोचून दाढी करत होता. एक गाल झाला होता, दुसऱ्या गालाला साबण तसाच. पानांचा आवाज आला म्हणून त्यानं वळून बघितलं. हात वर केले नाहीत, काही नाही, नुसतं बघितलं. "माझ्यापरीस बारका आसंल," तात्या म्हणाले. "म्या गोळी घातली. एका गालाचा साबण तसाच राह्यला."

ताईनं पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढं सरकवला.

"म्हनून मी पुढं ख्रिस्ती झालो, पोरी. सगळे म्हनले तुला माफी हाय. पर माफी काय असती ते मला कुठं ठावं? मला दुसऱ्याला माफ करून बघायचं व्हतं. जमतंय का. पर मला मारनार कोन? मिलट्रीचा मानूस, मोठ्या मिशा. सगळे आपले तात्या या, तात्या बसा. पन्नास वर्सं वाट बघितली. आन त्या दिवशी आबांनी मारली. मी आत बघितलं, तर राग न्हाय. खरंच न्हाय. जाताना येष्टीत मी लहान पोरावानी हसत व्हतो. पर मग मनात आलं, पयली अचानक बसली. रागाला येळच मिळाला नसंल. दुसरी येतीया हे म्हायती असताना खाल्ली, आन तरी राग न्हाय आला, तर खरं."

मी आबांकडं बघितलं. आबा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. कारण बघा ना, तात्यांनी पन्नास वर्षं वाट बघून जी माफी केली, ती कशाला? गांधीलमाशीला.

"तात्या," आबा म्हणाले. "मला बोलायचं हाय."

"बोला."

"त्या दिवशी तुमच्या गालावर गांधीलमाशी बसली व्हती."

तात्यांना कळलं नाही. "कवा?"

"मारली तवा. म्या तिला मारली. मेली ती. त्या शेवग्याखाली पुरलीया." आबांनी हात जोडले. "जीव बी घेतला आन खोटं बी बोललो. हिनं बघितलं व्हतं, हिला बी गप बसवलं."

तात्यांनी शेवग्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं, मी मान हलवली. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल व्हायला लागला, मानेपासून वर.

"म्हंजे मला कुनी मारलंच न्हाय?"

"न्हाय."

"म्हंजे म्या माफ कुनाला केलं? माशीला?"

"तात्या, ऐका..."

"उन्हातान्हात येतोय मी. गाल घिऊन बसतोय. सारं गाव हसतंय. आन तुमी शेंगुळं चारताय मला?" आणि तात्या उठले आणि त्यांनी आबांच्या कानाखाली अशी वाजवली की आबांची टोपी ओट्याखाली कुत्र्यावर जाऊन पडली.

 कुत्रं टोपी डोक्यावर घेऊन बघत राहिलं. तात्या स्वतःच्या हाताकडं बघत होते. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "आला. राग आला." आवाज एकदम बारीक झाला होता. "हाय अजून. जसा व्हता तसाच हाय."

ताई त्यांना धरायला पुढं झाली, पण आबा आधी सरकले. गाल लाल झाला होता, चार बोटं उठली होती. ते तात्यांच्या उजव्या बाजूला बसले, ज्या कानानं ऐकू येतं त्या बाजूला.

"तात्या, सगळं सांगितलं न्हाय म्या अजून."

"आता काय ऱ्हायलं?"

"माशी व्हती हे खरं. पर माशी बसायच्या आधीपासनं माझा हात शिवशिवत व्हता. तुमी जपानचं काडलं तवापासनं. माशी नसती तरी म्या मारली असती. ती बसली आन मला बरंच झालं. निमित्त गावलं."

तात्यांनी मान वर केली. "खरं सांगताय?"

"डास मारत न्हाय म्हनालो ना, त्याच वक्ताला मनात म्हनत व्हतो, ह्याला एक ठिवून द्यावी."

"म्हंजे तुमी मलाच मारलं व्हतं."

"तुमालाच. माशी मधी आली."

"मग मी..." तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मग ती माफी खरी व्हती?"

"खरी व्हती. मला लागली ना ती. तीन आठवडं झोप न्हाय." मग आबांनी स्वतःचा गाल चोळला आणि म्हणाले, "आन आता फिट्टंफाट झाली. तुमची एक, माझी एक. माझा दुसरा गाल मागू नका, आमच्यात तशी पद्धत न्हाय."

तात्या हसायला लागले. आधी खोकल्यासारखं, मग खरंच. आबा पण हसायला लागले, पण गाल दुखत होता म्हणून एकाच बाजूनं. आई बाहेर आली तर दोन म्हातारे हसतायत, एकाचा गाल सुजलाय, कुत्र्याच्या डोक्यावर टोपी आणि ताई रडतेय. आई म्हणाली, "कुनी मेलं का?"

"तारीख धरा," तात्या म्हणाले.

शाळा उघडायच्या आधी लग्न झालं. विहारात आबांनी दोघांना पंचशील दिलं, आणि यावेळी ठसका लागला नाही. मग पाळकांनी प्रार्थना केली. तात्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की थोडक्यात आटपा, म्हशीचं मी बघतो.

पण मला जे सांगायचंय ते अजून राहिलंय. बैठकीच्या दिवशी मी आबांच्या शेजारी उभी होते, मी त्यांचा हात बघत होते. तो शिवशिवत नव्हता. गुडघ्यावर पडलेला होता, चिडले होते पण हात शांत होता, आणि माशी बसल्यावरच उठला. म्हणजे मला तरी तसंच आठवतंय. मग आबा ओट्यावर जे बोलले ते खरं होतं, का तात्यांची माफी वाया जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्याच अंगावर पाप ओढून घेतलं? सगळ्या गावात आता झालंय की आबांनी सोयऱ्याला रागानं मारलं. पोरं फटाके लावताना आबांना चिडवतात, आबा, हात शिवशिवतोय का. आबा ऐकून घेतात. काल मी त्यांना सरळ विचारलं, "आबा, खरंच हात शिवशिवत होता का?"

"तुला काय करायचंय," आबा म्हणाले. "त्याला झोप लागतीया का न्हाय ते बघ."

लागते. ताई सांगते, तात्या घोरतात म्हणून सगळं घर जागं असतं.

तर मला तुम्हाला विचारायचंय, म्हणूनच एवढं टाईप केलं. तुमच्या घरात कुणी असं कधी केलंय का? दुसऱ्याच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून आपण न केलेला गुन्हा कबूल केलाय, आणि तुम्हाला एकट्यालाच ते माहीत आहे, आणि तुम्हाला कळत नाहीये की ह्याला खोटं म्हणायचं का काय म्हणायचं?